होडीचे यंत्र : जुने राखावे की नवे घ्यावे?

इतिहासाचे नाव काढले की तह, लढाया आणि राज्यारोहणे एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते. आज मी ज्या वस्तूविषयी बोलणार आहे ती त्या मानाने अगदीच किरकोळ आहे. लहान होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकवलेले, एकदोघांनी उचलून न्यावे एवढेसे ते एक यंत्र. त्याला आउटबोर्ड मोटर असे नाव आहे. बंदरावरची माणसे नुसते ‘मशीन’ म्हणतात. हे मशीन दहा-पंधरा वर्षे खाऱ्या पाण्यात राबते, आणि मग एके दिवशी दोरी ओढून ओढून खांदा दुखायला लागतो तरी ते काही सुरू होत नाही. घरात प्रश्न उभा राहतो : दुरुस्त करायचे, की नवे घ्यायचे? ज्या घराची चूल खाडीवर पेटते त्या घरात हा प्रश्न मुलीच्या लग्नाइतकाच वजनदार असतो. कळव्याच्या खाडीकडे जरा निरखून पाहिले, तर या एका घरगुती प्रश्नात दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास गुंतलेला दिसेल.

प्रथम जागा समजून घेऊ. उल्हास नदी कल्याणवरून पश्चिमेला येते आणि ठाण्याच्या उत्तरेने वळसा घेऊन वसईला समुद्राला मिळते. ठाण्याजवळच एका चिंचोळ्या फाट्याने तिचा संबंध दक्षिणेकडच्या ठाणे खाडीशी येतो, आणि ती खाडी सुमारे सव्वीस किलोमीटर वाहत मुंबई बंदराला भिडते. साष्टी हे बेट आहे ते या पाण्यामुळे. पश्चिम काठावर ठाणे आणि चेंदणी कोळीवाडा. समोरच्या काठावर कळवा, विटावा, खारेगाव. भरती इथे दोन्ही तोंडांनी येते, आणि येताना चिखल घेऊन येते. उधाणाला पाणी तिवरांच्या शेंड्यांशी खेळते. ओहोटीला त्याच ठिकाणी निवट्या उड्या मारत असतात. अशा जागी होडी चालवणे म्हणजे पाण्यापेक्षा चिखलाचा हिशेब ठेवणे.

हे पाणी एके काळी मोठ्या घडामोडींचे होते. अकराव्या शतकात अल्बेरुणीने कोकणचे मुख्य शहर म्हणून ठाण्याचा उल्लेख केला. पुढे मार्को पोलोच्या वृत्तांतातही ठाणे आले. १७३७ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टीत पाऊल टाकले आणि पोर्तुगीजांचा अर्धवट बांधलेला ठाण्याचा किल्ला घेतला. खाडी उतरून गेल्याशिवाय ते शक्य नव्हते; म्हणजे त्या विजयात होड्यांचा आणि त्या वल्हवणाऱ्यांचा वाटा होताच. तो बखरीत फारसा येत नाही, ही गोष्ट निराळी.

त्या होड्या कशावर चालत? वारा, वल्हे आणि भरती-ओहोटी. कळव्याच्या माणसाने भरतीच्या वेळा तोंडपाठ ठेवल्या त्या हौसेने नव्हेत. पाणी फुकट ओढून नेत असताना वल्हे मारणारा मूर्ख ठरे. वल्हे मोडले तर गावचा सुतार दुसरे करी. शीड फाटले तर घरातच शिवले जाई. दुरुस्त करावे की नवे घ्यावे, हा प्रश्न त्या काळी नव्हता असे नाही. पण दोन्हीची उत्तरे गावातच मिळत. हे वाक्य जरा लक्षात ठेवावे, कारण पुढचा सगळा इतिहास त्याच्याभोवती फिरतो.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी आली, आणि १ मे १८५४ रोजी ती खाडी ओलांडून कल्याणला पोचली. खाडीवर पूल उभा राहिला. या पुलाने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे उंच डोलकाठीच्या गलबतांची वाट अरुंद केली. दुसरे म्हणजे गलबतातला माल वाघिणीत नेऊन ठेवला. मोठा व्यापार गेला. खाडीत राहिली ती मासेमारी, रेती, मीठ आणि पैलतीरावर माणसे नेणारी होडी. १८८२ साली ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर छापले गेले तेव्हा ठाणे बंदर हे मुख्यतः आठवणीतले बंदर झाले होते. मोठी जहाजे गेली आणि लहान होडी राहिली. आपल्या यंत्राची कथा या राहिलेल्या होडीची आहे.

तुम्ही म्हणाल, मग वाफेचे इंजिन होडीला का बसवले नाही? बसवले होते, आणि तेही आपल्या मुंबईतच. वाडिया घराण्यातले अर्देशिर कर्सेटजी यांनी १८३३ साली ‘इंडस’ नावाची वाफेवरची लहान नौका पाण्यात सोडली. पुढे १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पण वाफेच्या यंत्राला बाष्पपात्र हवे, कोळसा हवा, आग राखायला माणूस हवा. हे सगळे होडीत घातले तर मासळी ठेवायची कुठे? म्हणून वाफ मोठ्या जहाजांची झाली. किनाऱ्याने आगबोटी धावू लागल्या, पण कोळ्याच्या हातातले वल्हे सुटले नाही.

लहान होडीसाठी लागणारी युक्ती वेगळीच होती. यंत्र होडीच्या पोटात न बसवता बाहेर टांगायचे आणि काम झाले की काढून घरी न्यायचे. गंमत अशी, की हा प्रयोग पहिल्यांदा विजेवर झाला. १८८१ साली गुस्ताव्ह त्रूव्हे या फ्रेंच संशोधकाने पॅरिसमध्ये सीन नदीवर विजेची, काढता-घालता येणारी मोटर होडीला लावून दाखवली. विजेऱ्या जड आणि महाग, म्हणून ती युक्ती तशीच राहिली. पुढे पेट्रोलचे इंजिन हलके झाले आणि १९०९ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात ओले एव्हिनरुड यांनी आपले यंत्र बाजारात आणले. हा गृहस्थ मूळचा नॉर्वेचा. तळ्यावर सहलीला गेले असता वल्हवत पैलतीरावरून आइस्क्रीम आणायला गेले, परत येईतो ते वितळले, आणि त्यातून त्यांना यंत्राची कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा सजवलेली, यंत्र मात्र खरे होते : दीड अश्वशक्ती आणि वजन बासष्ट पौंड, म्हणजे सुमारे अठ्ठावीस किलो. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखाने या धंद्यात उतरले. यामाहाची पहिली आउटबोर्ड १९६० मधली, होंडाची १९६४ मधली, सुझुकीची १९६५ मधली.

आपल्या देशात मासेमारीच्या यांत्रिकीकरणाला मोठी चालना मिळाली ती पुन्हा नॉर्वेच्याच माणसांकडून. ऑक्टोबर १९५२ मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार झाला आणि केरळात कोल्लमजवळ नींडकरा येथे काम सुरू झाले. तिथे पोटात इंजिन असलेल्या नव्या धाटणीच्या नौका आल्या. आपल्या किनाऱ्यावरही सातपाटी, वर्सोवा अशा ठिकाणच्या खोल पाण्यात जाणाऱ्या नौकांनी शिडाबरोबर, आणि पुढे शिडाऐवजी, डिझेल इंजिन घेतले. सहकारी संस्थांनी कर्ज दिले, सरकारने अनुदान दिले. केरळच्या पारंपरिक वल्ह्याच्या होड्यांवर मात्र आउटबोर्ड मोठ्या प्रमाणावर दिसू लागली ती १९८० च्या आसपास.

आता खाडीतल्या होडीला पोटातले इंजिन का सोयीचे नाही, हे पाहा. पोटातल्या इंजिनाचा पंखा होडीच्या तळाशी कायमचा बसलेला असतो. ओहोटीला पाणी गुडघाभर झाले की तो चिखलात रुततो आणि होडी पुढच्या भरतीपर्यंत तिथेच. बाहेर टांगलेले मशीन तिरपे करून पंखा पाण्याबाहेर उचलता येतो. जाळ्यात गुंतला, तिवराच्या मुळात अडकला, तरी हात घालून सोडवता येतो. रात्री चोराची भीती असेल तर मशीन खांद्यावर टाकून घरी नेता येते. कळव्यासारख्या ठिकाणी या तिन्ही गोष्टींना मोल आहे. काही जण त्याऐवजी लहान डिझेल इंजिनाला लांब दांडा जोडून त्याच्या टोकाला पंखा बसवतात. तत्त्व तेच, पंखा हवा तेव्हा वर घेता आला पाहिजे.

पण ज्या खाडीने हे यंत्र मागितले तीच त्याला खाते. मशीन थंड राहते ते बाहेरचे पाणी आत ओढून. हे पाणी ओढणारा पंप रबरी पात्यांचा असतो. आपल्या खाडीचे पाणी म्हणजे पातळ केलेली माती. ती माती रबर झिजवते. वर प्लॅस्टिकची पिशवी येऊन पाणी घेण्याच्या जाळीवर बसली, की संपलेच. मशीनच्या बाजूने पाण्याची एक बारीक धार बाहेर पडत असते. ती धार थांबली आणि तरीही मशीन चालू ठेवले, तर काही मिनिटांत पिस्टन सिलिंडरला चिकटतो. मीठ हा दुसरा शत्रू. ते ॲल्युमिनिअमला पोखरते, पाण्याच्या आतल्या वाटा बुजवते, नटबोल्ट जागच्या जागी जाम करते. म्हणून जाणता माणूस बंदरावर आल्यावर पिंपात गोडे पाणी घेऊन मशीन त्यात पाच-दहा मिनिटे चालवतो आणि मगच घरी जातो. ज्या वस्तीत पिण्याचे पाणी ठरावीक वेळी येते, तिथे मशीनसाठी पिंप भरून ठेवायला किती निग्रह लागतो, ते तिथे राहणाऱ्यांनाच ठाऊक.

एक लहानशी पिन आहे, तिचीही कथा सांगण्याजोगी आहे. बऱ्याच लहान मशीनमध्ये पंखा आणि दांडा यांना जोडणारी मऊ धातूची पिन असते. पंखा दगडावर आपटला तर ती मोडावी आणि आतले गिअर वाचावेत, अशी योजना. पिन मोडली की वेळ भागवायला पोलादी खिळा ठोकला जातो. खिळा मोडत नाही. पुढच्या आघाताला गिअर मोडतात. चार आण्यांची वस्तू वाचवायला गेलो आणि पेटीच बुडाली, असा हा प्रकार.

तेव्हा मशीन बंद पडले म्हणजे ते मेलेच, असे नव्हे. बंदरावर बाप-लेकांत होणारा संवाद ठरलेला असतो. “बाबा, आता किती दिस या डब्याला ठोकत बसायचा?” मुलगा म्हणतो. “आरे, याच डब्यानी तुला शिकवला,” बाप म्हणतो. दोघांचेही बरोबर असते. पण निकाल भावनेवर लावायचा नसेल, तर तीन गोष्टी तपासाव्यात, असे जाणते मिस्त्री सांगतात.

पहिली, सिलिंडरमधला दाब. प्लग काढून त्या जागी दाबमापक लावायचा आणि दोरी ओढायची. दोन सिलिंडर असतील तर दोघांच्या आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नसावा. फरक मोठा असेल तर रिंगा, पिस्टन किंवा सिलिंडर गेले. दुसरी गोष्ट, खालच्या गिअरपेटीतले तेल. ते काळे निघाले तर चालेल. दुधासारखे पांढुरके निघाले तर सील गेले आणि आत पाणी शिरले. वेळीच कळले तर थोडक्यात निभावते, उशीर झाला तर बेअरिंगे गंजतात. तिसरी गोष्ट, सुटे भाग मिळतात की नाही. दाब चांगला, गिअर चांगले, फक्त कार्बोरेटर तुंबला, प्लग गेला, पंपाचे रबर झिजले, एवढेच असेल तर नव्या मशीनचा विचारही करू नये. पण दाब गेला, सांगाडा मिठाने पोखरला, आणि दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीच्या अर्ध्यावर जाऊ लागला, तर जुन्याच्या मायेत अडकू नये. यात जिवाचाही प्रश्न आहे. उधाणाच्या ओहोटीला ऐन पुलाजवळ मशीन बंद पडले, तर प्रवाह होडी खांबाकडे ओढत नेतो. म्हणून मशीन कितीही नवे असो, होडीत वल्ह्यांची जोडी असलीच पाहिजे.

आता या मिस्त्रीविषयी दोन शब्द. ठाणे-कळवा पट्ट्यात यंत्राची जाण असलेली माणसे मिळाली, याला कारण आहे. कळव्यात मुकंदचा पोलादाचा कारखाना आला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे कारखाने उभे राहिले. या कारखान्यांच्या आसऱ्याने लेथ, ड्रिल आणि वेल्डिंगची लहान लहान दुकाने निघाली. बाहेरदेशीच्या मशीनचे बुशिंग मिळाले नाही तर अशा दुकानात ते कातून घ्यायचे, टू-स्ट्रोक स्कूटर उघडणाऱ्या हातांनी टू-स्ट्रोक मशीन उघडायचे. पूर्वी वल्हे गावचा सुतार करी. आता त्याची जागा लेथवाल्याने थोडीफार घेतली. म्हणजे उत्तर पुन्हा काही प्रमाणात गावात आले. सरकारी योजनांचा भर मात्र बहुधा नव्या खरेदीवर राहिला. दुरुस्तीचे ज्ञान हीही एक संपत्ती आहे, तिलाही पाठबळ हवे, हा विचार मागेच पडला.

सुटे भाग मिळणे किती महत्त्वाचे, याचा धडा २०२० साली मिळाला. ज्या एव्हिनरुडच्या नावाने हा धंदा सुरू झाला, त्या नावाच्या मोटरींचे उत्पादन त्या वर्षी मे महिन्यात थांबवण्यात आले. एकशे अकरा वर्षांचे नाव एका निवेदनाने इतिहासजमा झाले. जगभरची ती मशीने त्या दिवशीही तशीच चालत होती. फक्त त्यांच्यामागचे माहेर उठले. नवे मशीन घेताना अश्वशक्ती आणि किंमत आपण विचारतो. पंधरा वर्षांनी याचे गास्केट कोण देईल, हेही विचारायला हवे.

इथपर्यंत माझा कल दुरुस्तीकडे आहे असे वाटले असेल. पण दुसरी बाजूही मांडली पाहिजे, आणि ती गंभीर आहे. जुन्या पद्धतीच्या टू-स्ट्रोक मशीनमध्ये इंधनात तेल मिसळलेले असते, आणि सिलिंडरमध्ये नवे मिश्रण आत येत असतानाच जुना धूर बाहेर जातो. त्या गडबडीत पाव हिश्श्यापर्यंत इंधन न जळताच धुराबरोबर बाहेर पडते. आणि या मशीनचा धूर जातो कुठे? पाण्यात. मालकाने चार लिटर टाकीत ओतले, तर एक लिटरपर्यंत खाडीत ओतल्यासारखेच. अमेरिकेने १९९६ साली यावर नियम केले, आणि त्यानंतर तिकडे फोर-स्ट्रोक मशीने वाढली. होंडाने तर १९६४ पासून आउटबोर्ड फोर-स्ट्रोकच केली. ती जड असतात, महाग असतात आणि उघडायला अवघड असतात. पण इंधन कमी पितात आणि पाण्यात कमी सांडतात. रोज मासेमारीला जाणाऱ्याची इंधनाची बचत काही वर्षांत किमतीतला फरक भरून काढू शकते. आठवड्यातून एकदा जाणाऱ्याची तशी काढणार नाही.

अर्थात खाडीचा सारा दोष होडीच्या माथी मारणे हा अन्याय होईल. कारखान्यांचे सांडपाणी, शहरांचा मैला, काठावरची भर, आणि रेती उपसणारे बेकायदा सक्शन पंप यांच्यापुढे होडीचे एक लिटर ते काय! बुडी मारून बादलीने रेती काढणाऱ्यांची जागा ज्या पंपांनी घेतली, त्यांच्यामागेही इंजिनच आहे. एकच शोध कुणाच्या हातात पडतो, त्यावर त्याचा इतिहास ठरतो. दुसरीकडे, याच खाडीचा दक्षिणेकडचा भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाला आणि २०२२ साली रामसर यादीत गेला. पक्ष्यांना आश्रय मिळाला, ही आनंदाची गोष्ट. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या या चिखलाची नाडी ओळखली, त्या कोळ्यांना तिथे कोणते स्थान आहे, हा प्रश्नही तितक्याच आस्थेने विचारला गेला पाहिजे. चांगले मशीन घेतले आणि जाळ्यात मासळीऐवजी पिशव्या आल्या, तर कर्जाचा हप्ता कशातून भरायचा?

तिसरा मार्गही हळूहळू दिसू लागला आहे. जानेवारी २०१७ मध्ये केरळात वैक्कमजवळ ‘आदित्य’ ही सूर्यशक्तीवर चालणारी प्रवासी नौका सुरू झाली. लहान होड्यांसाठी विजेच्या आउटबोर्ड मोटरीही बाजारात आहेत. १८८१ साली सीन नदीवर जे झाले तेच फिरून आपल्या दारी येत आहे. खाडीतला पल्ला लहान आणि येण्या-जाण्याची वेळ भरतीने बांधलेली, म्हणून विजेची मोटर इथे शोभेल. विजेरीची किंमत आणि मिठापासून तिचे रक्षण, या दोन अडचणी सुटल्या पाहिजेत. त्या सुटतील तेव्हा ती मोटर उघडणारा मिस्त्रीही कळव्यातच तयार झाला, तर बदल पचेल. नाहीतर आणखी एक परावलंबन पदरात पडेल.

शेवटी एक साधी सूचना करतो. ज्याच्याकडे मशीन आहे त्याने एक वही घालावी. मशीन कोणत्या साली, कितीला घेतले, पंपाचे रबर कधी बदलले, दाबाचा आकडा दरवर्षी किती आला, इंधन किती लागले, दुरुस्ती कोणी केली आणि किती घेतले, एवढे त्यात लिहावे. घरात शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला हे काम सांगावे. चार-पाच वर्षांची अशी वही समोर असली, की राखावे की घ्यावे याचे उत्तर तीच देईल. बाप-लेकांना भांडावे लागणार नाही. आणि ठाणे-कळव्याच्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना मी सांगेन, की सुट्टीत बंदरावर जा, अशा वह्या पाहा, नसतील तर म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून घ्या. होडीच्या प्रत्येक भागाचे कोळी बोलीतले नाव उतरवून घ्या, पहिले मशीन कोणाकडे आले ते विचारा. पेशव्यांचे दफ्तर जपले गेले म्हणून आपल्याला १७३७ चा इतिहास लिहिता आला. खाडी वल्हवणाऱ्यांचे दफ्तर अजून कोणी बांधलेलेच नाही, आणि ते सांगू शकणारी माणसे आज बंदरावर बसलेली आहेत.